पहिल्या महिन्याचा हिशेब

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत आपल्या सूचनाफलकासमोर नव्या विद्यार्थ्यांचा घोळका उभा असतो. फलकावर चार-पाच कागद डकवलेले असतात. जो तो आपले नाव शोधतो, ते सापडले की समाधानाने मागे वळतो, आणि नावांच्या यादीखाली बारीक अक्षरांत जे लिहिलेले असते ते वाचायचे राहून जाते. २०२३ साली मीही अशीच मागे वळले होते. त्या बारीक अक्षरांची किंमत मला कळली ती दोन वर्षांनी, बेळगावपासून पुष्कळ दूर, माळव्यात. ती हकिकत, आणि तिच्या निमित्ताने जमवलेली थोडी माहिती, नव्या मित्रमैत्रिणींच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात मी मामाकडे देवासला गेले होते. मामा तिथल्या एका कारखान्यात नोकरीला आहे. मामेभाऊ नुकताच बारावी पास झाला होता. मामीचे माहेर धारजवळच्या एका खेड्यात. तिची भाचीही त्याच वर्षी बारावीला पहिल्या वर्गात आली होती. म्हणजे घरची दोन मुले एकाच वेळी कॉलेजच्या दारात. मी बी.कॉम.ला शिकणारी, त्यामुळे "ताई आलीच आहे, ती बघेल सगळं," असे मामीने परस्पर ठरवून टाकले. खरे सांगायचे तर मलाही त्यात थोडा मोठेपणा वाटला.

धार आणि देवास ही इंदूरच्या दोन बाजूंची गावे. देवास ईशान्येला ३५-४० किलोमीटरवर, धार पश्चिमेला साठ-पासष्ट किलोमीटरवर. दोन्ही ठिकाणी मराठेशाहीपासून पवारांचे राज्य. देवासची गंमत अशी, की तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार बंधूंमुळे एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदली. १९४८ साली संस्थाने विलीन झाली, पण मराठी घरे राहिली. ती घरात मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी शिकतात. माझा मामेभाऊ "मी येऊन राहिलो" असे म्हणतो, आणि मी हसले की "तुमच्या बेळगावच्या मराठीत तरी कमी कन्नड आहे का?" असे विचारून माझे तोंड बंद करतो.

दोन्ही गावांत मोठी शासकीय महाविद्यालये आहेत. धारला परमार राजा भोज याच्या नावाचे महाराजा भोज महाविद्यालय, तर देवासला श्रीकृष्णाजीराव पवार महाविद्यालय. २०२४ च्या जुलैत मध्य प्रदेशच्या ५५ जिल्ह्यांत प्रत्येकी एका महाविद्यालयाला 'पीएम कॉलेज ऑफ एक्सलन्स' असा दर्जा देण्यात आला, त्यांत ही दोन्ही आली. परंतु विद्यापीठे मात्र वेगळी. धार जिल्हा इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाकडे. हे १९६४ साली इंदूर विश्वविद्यालय म्हणून सुरू झाले आणि १९८८ साली त्याला अहिल्याबाईंचे नाव मिळाले. देवास जिल्हा उज्जैनच्या विक्रम विश्वविद्यालयाकडे. ते १९५७ सालचे. २०२५ मध्ये त्याचे नाव सम्राट विक्रमादित्य विश्वविद्यालय असे झाले.

ही माहिती मुद्दाम दिली. नव्या विद्यार्थ्याचा पहिला गोंधळ येथेच होतो. महाविद्यालय आणि विद्यापीठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पुष्कळांना पहिल्या वर्षी ठाऊक नसते. वर्ग, हजेरी, ओळखपत्र, ग्रंथालय ही महाविद्यालयाची बाजू. अभ्यासक्रम, नोंदणी क्रमांक, परीक्षा आणि पदवी ही बहुधा विद्यापीठाची. आपल्याकडे २०१० सालापर्यंत महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. त्या साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. तक्रार किंवा चौकशी कोणत्या दारी न्यायची हे समजले तरी निम्मे हेलपाटे वाचतात.

अमेरिकेत घराजवळच्या, कमी खर्चाच्या, दोन वर्षांच्या महाविद्यालयांना 'कम्युनिटी कॉलेज' म्हणतात. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे त्यांची सुरुवात झाली. आपल्या देशात १९९५ साली पाँडिचेरीला असा प्रयोग झाला, आणि २०१३-१४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी योजना आखली. पण ज्याला शहरात खोली घेऊन राहणे परवडत नाही, ज्याच्या घरात त्याच्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही, अशा मुलांसाठी घराजवळचे कॉलेज म्हणजे काय हे पाहायचे असेल, तर धार-देवाससारख्या जिल्ह्याच्या गावातले सरकारी कॉलेज पाहावे. सकाळच्या एस.टी.ने आपल्याकडे खेड्यांतून मुले येतात, तशीच तिथेही खाजगी बसमधून येतात. त्यांच्यापाशी हुशारी असते, कष्टाची तयारी असते. नसतो तो 'हे असे असते' म्हणून सांगणारा माणूस.

आता प्रवेशाची रीत सांगते. मध्य प्रदेशात शासकीय आणि खाजगी महाविद्यालयांचे प्रवेश उच्च शिक्षण विभागाच्या 'ई-प्रवेश' या एकाच व्यवस्थेतून होतात. प्रथम नाव नोंदवायचे. ते स्वतःच्या मोबाईलवरून किंवा गल्लीतल्या कियोस्कवरून करता येते. मग कागदपत्रांची पडताळणी. काही अडले तर शासकीय महाविद्यालयातल्या मदत केंद्रावर जायचे. त्यानंतर महाविद्यालयांची आणि विषयांची पसंती क्रमाने भरायची. गुणांनुसार यादी लागते आणि आपल्याला मिळालेल्या जागेचे पत्र, म्हणजे अलॉटमेंट लेटर, येते. शेवटी ठरलेल्या तारखेच्या आत शुल्क भरायचे. शुल्क भरले म्हणजे प्रवेश. आधीच्या सर्व पायऱ्या म्हणजे नुसती प्रवेशाची तयारी.

हे शेवटचे वाक्य आज मी सहज लिहिते आहे, पण तेव्हा मला ते कळले नव्हते. मामेभावाला त्याच्या पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, बी.कॉम. आणि सोबत संगणकाचा विषय. पत्र मीच वाचले. नाव, महाविद्यालय, विषय पाहिले आणि म्हणाले, "झालं, मिळाला प्रवेश!" मामीने पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी आम्ही मामीच्या माहेरच्या लग्नाला धारकडे गेलो आणि चार दिवसांनी परतलो. शुल्क भरायला कियोस्कवर गेलो, तेव्हा तिथल्या माणसाने पडद्याकडे पाहून सांगितले, "दीदी, तारीख तो परसों निकल गई. सीट गई."

पत्राच्या खालच्या भागात ती तारीख स्पष्ट छापलेली होती. मी वाचली नव्हती.

मामा मला एका शब्दाने बोलला नाही, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले. रात्री तो मामीला हळू आवाजात विचारत होता, की खाजगी कॉलेजची वर्षाची फी किती असेल, आणि भविष्यनिर्वाह निधीतून उचल मिळेल का. पलीकडच्या खोलीत मला सगळे ऐकू येत होते. हिशेब ठेवायला शिकणाऱ्या मुलीने एक तारीख पाहिली नाही, म्हणून एका कामगाराला आपल्या साठवणीला हात लावायची वेळ आली होती.

सुदैवाने तिथे मुख्य फेरीनंतर महाविद्यालय पातळीवरच्या फेऱ्या होतात. त्यांना सगळे 'सीएलसी' म्हणतात. उरलेल्या जागा या फेऱ्यांत भरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मामेभाऊ आणि मी मदत केंद्रावर गेलो. तेथील प्राध्यापकांनी न रागावता काय करायचे ते पाच मिनिटांत समजावून सांगितले. पुढच्या फेरीत त्याला बी.कॉम.ला जागा मिळाली, पण दुसऱ्या महाविद्यालयात, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि संगणकाचा विषय गेला तो गेलाच. या वेळी पत्र आले त्याच तासाला शुल्क भरले आणि पावतीच्या दोन प्रती काढल्या. "ताई, आता पेढे वाटायचे का?" त्याने विचारले. मी म्हटले, "वर्गात जाऊन बसलास की वाट."

धारची गोष्ट निराळी. मामीच्या भाचीचा प्रवेश वेळेवर झाला. तिच्यापुढे प्रश्न होता तो पैशाचा आणि घरच्या माणसांच्या मनाचा. "एक वर्ष शिकू दे, पुढे स्थळ आलं तर बघू," असे तिच्या आजीचे म्हणणे. अशा मुलीला दोन गोष्टींचा आधार आहे आणि त्या दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट शिष्यवृत्तीची. मध्य प्रदेशात २००५ सालापासून 'गाँव की बेटी' नावाची योजना आहे. खेड्यात राहून बारावीला पहिल्या वर्गात आलेल्या आणि पुढे महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला दरमहा ५०० रुपये, वर्षातून दहा महिने, म्हणजे वर्षाला ५,००० रुपये मिळतात. धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. घर सोडून भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांना 'आवास सहायता' वेगळी मिळते. मात्र यांतले काहीच आपोआप मिळत नाही. अर्ज करावा लागतो, आणि अर्जाला कुटुंबाचा आठ आकडी व व्यक्तीचा नऊ आकडी 'समग्र' क्रमांक, रहिवासाचा दाखला, गुणपत्रक आणि बँकेचे खाते लागते.

या खात्याविषयी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द सांगते, कारण हा घोटाळा आपल्याकडेही होतो. खाते असणे वेगळे आणि ते थेट लाभासाठी आधारशी जोडलेले असणे वेगळे. सरकारी रक्कम आधार क्रमांकावरून जाते, आणि तो क्रमांक ज्या बँकेशी सर्वांत शेवटी जोडला गेला असेल तिथे जमा होते. भाचीचे एक खाते शाळेत असताना उघडलेले आणि दुसरे वडिलांनी नंतर दुसऱ्या बँकेत काढलेले. अर्जात पहिले लिहिले होते आणि आधार दुसऱ्याला जोडलेले. शिवाय गुणपत्रकावर आडनाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने. मराठी आडनावे हिंदी मुलखात गेली की त्यांचे स्पेलिंग बदलते, जसे आपल्याकडे मराठी आडनावे कन्नड आणि इंग्रजीतून फिरून येतात. एका अक्षराच्या फरकाने अर्ज अडकून पडतो. म्हणून प्रवेशाच्या आधीच सर्व कागद एका ओळीत मांडून नावाचे एकेक अक्षर ताडून पाहावे. फरक असेल तर सुट्टीतच दुरुस्त करून घ्यावा.

दुसरा आधार क्रेडिटचा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून पदवीचा अभ्यासक्रम बदलला. एक मुख्य विषय, एक गौण विषय, एक ऐच्छिक, एक व्यवसायाचा, शिवाय भाषा वगैरेंचा आधार अभ्यासक्रम, अशी त्याची मांडणी आहे. एका सत्रात साधारण १५ तास शिकवले की एक क्रेडिट होते. वर्षाला ४० क्रेडिट, तीन वर्षांना १२०, चार वर्षांना १६०, असा अनुदान आयोगाचा हिशेब. एक वर्ष पूर्ण करून थांबल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. ही क्रेडिट साठवण्यासाठी २०२१ साली 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू झाली. नावाप्रमाणे ती बँकच आहे. परीक्षा उत्तीर्ण झालो की खात्यात क्रेडिट जमा, आणि ती जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात.

मी हे भाचीला पासबुकाचे उदाहरण देऊन सांगितले. आजी शेजारी तांदूळ निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे मधेच सुटलं तरी पोरीचं शिकलेलं वाया जात नाही?" मी म्हटले, "नाही आजी. नियमात बसत असेल तर सात वर्षांच्या आत परत येऊन पुढे शिकता येतं." आजीचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. पण तिने पुढे त्या दिवसात स्थळाचे नाव काढले नाही.

आपल्याकडची स्थिती थोडी वेगळी आहे हे नव्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. कर्नाटकातही २०२१-२२ मध्येच चार वर्षांची योजना आली होती. २०२४-२५ पासून राज्याने नव्या विद्यार्थ्यांसाठी पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. त्यामुळे माझी तुकडी एका नियमाची आणि तुमची दुसऱ्या. वरच्या वर्गातल्या ताई-दादांनी सांगितलेले सर्वच तुम्हाला लागू पडेल असे नाही, मी सांगितलेलेसुद्धा! महाविद्यालयात अर्ज भरल्यावर 'यूयूसीएमएस' या व्यवस्थेवरची नोंदणी राहून जात नाही ना, आणि तेथे निवडलेले विषय बरोबर आहेत ना, हे स्वतः पाहावे.

कागदपत्रांचे एवढे सांगून झाले. आता वर्गात शिरल्यावरची अडचण, आणि ती म्हणजे भाषा. देवासचा मामेभाऊ नशीबवान. तिथे बी.कॉम.चा पेपर हिंदी व इंग्रजी दोन्हींत छापलेला असतो आणि उत्तर हिंदीत लिहिता येते. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि एकदम इंग्रजीत येऊन पडले. पी.यू.सी.ची दोन वर्षे पाठांतरावर निभावली. पदवीच्या पहिल्या दोन महिन्यांत मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. आपले इंग्रजी ऐकून कोणी हसेल ही भीती. पहिल्या चाचणीत हिशेबशास्त्रात पंचवीसपैकी सहा गुण मिळाले, आणि शिक्षण सोडून शिलाईचा वर्ग लावावा असे घरी बोलून दाखवले.

त्या वेळी मला वाचवले ते कन्नड शाळेतून आलेल्या एका मैत्रिणीने. तीही माझ्यासारखीच गप्प बसायची. एके दिवशी ग्रंथालयात आम्ही एका वहीच्या पानावर रकाने आखले आणि प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे तिचा आणि माझा शब्द लिहू लागलो. जर्नल म्हणजे रोजकीर्द, लेजर म्हणजे खतावणी. ट्रायल बॅलन्सला मी तेरीज म्हणाले, ती म्हणाली 'ताळे पट्टी'. बॅलन्स शीटला मी ताळेबंद म्हणाले, ती म्हणाली 'अढावे पत्रिके'. मग दोघीही हसत सुटलो. माझा ताळा तिच्याकडे एक पायरी आधीच लागत होता, आणि माझा आढावा तिच्याकडे शेवटी बसला होता! पण त्या हसण्यातच ट्रायल बॅलन्स म्हणजे मधला ताळा आणि बॅलन्स शीट म्हणजे वर्षअखेरचा आढावा, हे पक्के झाले. देवासला ती वही मी बरोबर नेली होती. मामेभावाने त्यात चौथा रकाना आखला : रोजनामचा, खाताबही, तलपट, चिट्ठा. आता ती वही त्याच्याकडे आहे आणि मी तिची नक्कल करून घेतली आहे.

देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा यांची देवळे आहेत. टेकडीच्या पायथ्याशी पंडित कुमार गंधर्वांचे घर आहे. मामा मला तेथे घेऊन गेला होता. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेला, कन्नड घरातला हा मुलगा लहानपणीच गायक म्हणून नावाजला गेला. नंतर क्षयाने आजारी पडून १९४८ साली हवापालटासाठी देवासला आला. काही वर्षे गाणेच बंद होते. त्या काळात त्यांनी माळव्याच्या बायाबापड्यांची लोकगीते ऐकली, टिपून घेतली, त्यांतून नवे काही शिकले. आणि १९९२ साली निधन होईपर्यंत ते देवासचेच राहिले. एवढा नावाजलेला गवई परक्या मुलखात जाऊन पुन्हा विद्यार्थी झाला. मग चुकीच्या इंग्रजीत एक प्रश्न विचारायला आपण किती घाबरायचे?

तेव्हा नव्या मित्रमैत्रिणींनो, पहिल्या महिन्यात एवढे करा. कोणताही कागद हाती आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि त्यातली तारीख वहीत वेगळी लिहा. पैसे भरल्याची पावती जपून ठेवा. नावाची अक्षरे ताडून पाहा. शिष्यवृत्तीची चौकशी कार्यालयात स्वतः जाऊन करा, कोणी बोलावील याची वाट पाहू नका. हजेरीला पहिल्या दिवसापासून जपा. परीक्षेला बसायला बहुतेक ठिकाणी ७५ टक्के लागते आणि ती शेवटच्या महिन्यात भरून काढता येत नाही. आणि दुसऱ्या भाषेच्या शाळेतून आलेला निदान एक मित्र करा.

परवा मामेभावाचा फोन आला होता. त्याच्या वर्गातल्या एका मुलाला शुल्काची तारीख माहीत नव्हती, ती याने सांगितली. शेवटी म्हणाला, "ताई, पेढे वाटले." मी विचारले, "कशाचे रे?" तर म्हणाला, "वर्गात जाऊन बसलो ना, त्याचे."